फेब्रुवारीत शंभर रुपये जादा का कापले? पदवीनंतर एचआरमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी-पगाराच्या ऑफिसच्या, खिडकीशी थांबलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "मॅडम, ह्या बारीला शंभर रुपयं जादा का कापलासा?" खिडकीच्या आत बसलेली मुलगी नुकतीच बी.कॉम. होऊन आलेली असते. तिला उत्तर माहीत असेल तर अर्ध्या मिनिटात समाधान होऊन तो माणूस पाळीला जातो. माहीत नसेल तर ती "सिस्टीममधूनच तसं आलंय" म्हणते. मग तो मागच्या चौघांना सांगतो, की इथं काहीतरी गडबड आहे.

उत्तर असं आहे. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच आहे. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये कापतात. बारा महिन्यांचे होतात २,४००. राहिलेले शंभर फेब्रुवारीत घेतात, म्हणून त्या महिन्यात कपात ३०० ची. महिलांना २५,००० रुपये पगारापर्यंत हा कर लागतच नाही, त्यामुळे एकाच पगारावर एकाच कंपनीत असलेल्या बहीण-भावाच्या हातात वेगवेगळी रक्कम पडते आणि दोन्ही बरोबर असतात.

मी अनेक वर्षं कोल्हापूरच्या कारखान्यांत हेच काम करतो आहे. दरवर्षी निकाल लागायला लागले की ओळखीतली, पाहुण्यांतली, गल्लीतली मुलं भेटायला येतात. एचआरमध्ये का यायचंय, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "मला माणसांशी बोलायला आवडतं." त्यांचा उत्साह खरा असतो आणि तो मोडावा असं मला कधीच वाटत नाही. फक्त मी त्यांच्यासमोर एक पगारपत्रक ठेवतो आणि म्हणतो, यातली प्रत्येक ओळ मला समजावून सांग. माणसांशी बोलायचं ते याच कागदावरून. आमच्या भागात एचआरचं दार टाइम ऑफिसातून उघडतं, आणि ज्याला एक पगारपत्रक वरपासून खालपर्यंत कामगाराच्या भाषेत सांगता येतं, त्याला काम मिळतं.

या एका शब्दात किती कामं बसतात

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत या कामाच्या फोडी झालेल्या असतात. एक जण फक्त भरती बघतो, दुसरा फक्त पगार, तिसरा प्रशिक्षण, चौथा युनियनशी बोलणी. कोल्हापुरात दोनशे-तीनशे माणसांच्या कारखान्यात हे सगळं दोघं-तिघं मिळून ओढतात. सकाळी हजेरी आणि खाडे, अकराला सीएनसी ऑपरेटरच्या मुलाखती, दुपारी पीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) काम, चारला कँटीनच्या आमटीची तक्रार, निघताना उद्याच्या बसचा मार्ग. ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. पहिल्या दोन वर्षांत इथं जे हाताखालून जातं, ते मोठ्या शहरात एका टेबलावर बसून पाच वर्षांत दिसत नाही.

जागाही आपल्या आसपासच आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या तीन औद्योगिक वसाहती, इचलकरंजीचे कापड उद्योग, साखर कारखाने, दूध संघ, मोठी हॉस्पिटलं, पतसंस्था, शोरूम. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये वेगळा एचआर नसतो, तिथं हिशेबनीसच हे बघतो. पण माणसं वीस झाली की पीएफ लागू होतो, कारखान्यात दहा झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतो, आणि मालकाला कुणीतरी जाणकार शोधावाच लागतो.

एक पगारपत्रक, नीट उघडून

सोपं उदाहरण घेऊ. फेटलिंगमधल्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागातल्या) एका माणसाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आहे. महिनाभर एकही खाडा नाही, ओटी (जादा वेळेचं काम) नाही.

पहिली कपात भविष्य निर्वाह निधीची, ज्याला सगळे 'फंड' म्हणतात. ती १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये. दुसरी ईएसआयची, ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. तिसरी व्यवसाय कराची, २०० रुपये. एकूण १,९८५ जाऊन हातात १२,०१५ येतात. फेब्रुवारीत ११,९१५.

इथवर कुणीही सांगेल. पुढचा भाग कामगाराला सहसा कुणी सांगत नाही. त्याचे १,६८० गेले, तसेच मालकाचेही १,६८० गेले. मालकाच्या वाट्याचे दोन भाग पडतात. पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५१४ फंडात. पेन्शनचा हिशोब जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर होतो, त्यामुळे मोठ्या साहेबाचेही पेन्शनला सहसा महिना १,२५० च्या वर जात नाहीत. ईएसआयसाठी मालक ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ भरतो. फंडाशी जोडलेल्या विम्याचे अर्धा टक्का आणि कारभार खर्चाचे अर्धा टक्का, असे ७० आणि ७० आणखी. बेरीज केली तर १४,००० पगाराचा माणूस कंपनीला १६,२७५ रुपयांना पडतो, आणि त्याच्या हातात १२,०१५ जातात. मुलाखतीत 'सीटीसी' आणि 'इन हँड' यातला फरक विचारतात, तो हाच. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे गणित तीनदा हाताने करा.

आता त्या १०५ रुपयांकडे बघू. "दवाखान्याचे पैसे कापतात," एवढंच माणसाला माहीत असतं. त्या पैशांत त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे उपचार बसतात. आजारपणात काम बुडलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. ग्राइंडरवर बोट गेलेल्या माणसाच्या घरात चूल कशी पेटणार, हे या एका नोंदणीवर ठरतं. म्हणून माणूस कामावर घेतला की विमा क्रमांक त्याच दिवशी काढायचा. कायदा दहा दिवस देतो, पण अपघात दुसऱ्याच दिवशीही होतो. "आठ दिवस टिकतो का बघू, मग नोंद करू," हे वाक्य तुम्हाला कारखान्यात ऐकू येईल. ते मान्य करू नका.

ईएसआयची मर्यादा २१,००० रुपये पगाराची. इथं एक बारकावा आहे, त्यावर नवीन मुलं हमखास अडकतात. जुन्या ईएसआय कायद्यात माणूस बसतो की नाही हे ठरवताना ओटी धरत नसत, पण वर्गणी कापताना ओटीचे पैसे धरत. आणि एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवायची. पगारवाढ झाली म्हणून लगेच नाव काढून टाकलं आणि त्याच महिन्यात घरातलं कुणी दवाखान्यात गेलं, तर त्या माणसाला काय तोंड दाखवणार?

नावातला एक काना

या कामातली सगळ्यात मोठी डोकेदुखी कायद्याच्या पुस्तकात नाही, ती नावात आहे. आपल्याकडे आधारवर 'बाबासो', शाळेच्या दाखल्यावर 'बाबासाहेब' आणि बँकेच्या पासबुकात आणखी तिसरंच. सुनेचं नाव माहेरचं, आडनाव सासरचं, आधार जुनं. जन्मतारीख सरसकट १ जून. फंड काढायची वेळ येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मुलीच्या लग्नाला फंड काढायला अर्ज केला की नाव जुळत नाही म्हणून तो परत येतो. लग्न पंधरा दिवसांवर, आणि माणूस हातात टोपी घेऊन तुमच्या टेबलाशी उभा.

नवीन माणूस घेताना आधार, बँक पासबुक आणि आधीचा बारा आकडी यूएएन (फंडाचा कायमचा नंबर) समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं ज्याने दिली, तो माझ्या दृष्टीने चांगला एचआर. आधीचा यूएएन असताना नवीन काढून ठेवणं ही दुसरी सवय, तीही वाईटच. एका माणसाचे तीन नंबर झाले की पेन्शनची दहा वर्षांची नोकरी जुळवणं अवघड होऊन बसतं. फौंड्रीतली माणसं जागा बदलली की फंड काढून मोकळी होतात. तो त्यांचा पैसा आहे, गरजही असते. पण दहा वर्षं पुरी केली तरच महिन्याची पेन्शन बसते, हे सहीआधी त्यांना सांगणारं कुणीतरी असावं.

आणखी एक. बिनलग्नाचा मुलगा वारस म्हणून आईचं नाव लावतो. फंडाच्या नियमाप्रमाणे लग्न झालं की ते जुनं नामनिर्देशन रद्द होतं, नवीन भरावं लागतं. हे मुलांना ठाऊक नसतं. आमच्या टाइम ऑफिसात लग्नाची पत्रिका आली की ती नोटीस फळीवर लावायच्या आधी त्या मुलाचं नाव डायरीत जातं आणि रजेवरून परतल्यावर पहिलं काम वारस नोंदीचं होतं. चालू नोकरीत माणूस गेला, तर फंडाच्या विम्यातून कुटुंबाला सात लाखांपर्यंत मिळू शकतात. हा पैसा वारसाच्या नोंदीवाचून अडकलेला मी पाहिला आहे. त्या बाईच्या फेऱ्या अजून डोळ्यासमोर आहेत.

कायदे: किती आणि कोणते

कायद्याच्या नावानेच पोरं घाबरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या: वेतनाची २०१९ ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या २०२० च्या तीन. आधीचे २९ कायदे यात आले. कारखान्यात मात्र लोक अजून 'फॅक्टरी अॅक्ट', 'बोनस अॅक्ट', 'ग्रॅच्युइटी अॅक्ट' असंच बोलतात आणि मुलाखतीतही तसंच विचारतात. म्हणून जुनं नाव आणि नवी तरतूद, दोन्ही जोडीने शिका.

रोजच्या कामात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. फंडाचं आणि ईएसआयचं चलन पंधरा तारखेच्या आत. आठवड्याला ४८ तास, त्यावर ओटी, आणि ओटीचा दर दुप्पट. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. प्रत्येकाला नेमणूकपत्र. काम सोडणाऱ्याचा हिशोब नव्या संहितेप्रमाणे कामाच्या दोन दिवसांत. पूर्वी यासाठी माणसाला महिना-दीड महिना फेऱ्या मारायला लावत, त्यामुळे हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

ग्रॅच्युइटीचं गणित मुलाखतीत हटकून येतं. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६ कशाला, तर महिन्यातले रविवार वगळून राहिलेले कामाचे दिवस. आपल्या फेटलिंगवाल्याचे १४,००० धरले तर वर्षाला साधारण ८,०७७ रुपये, सहा वर्षांनी सोडलं तर ४८,४६२. कायम माणसाला पाच वर्षं पुरी लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला नव्या संहितेत एक वर्ष पुरे.

वेतनाची व्याख्याही बदलली आहे. पूर्वी बरेच मालक मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवत, म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी कमी बसे. आता वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. यामुळे कुणाचा हातातला पगार थोडा घटू शकतो आणि फंडातला साठा वाढतो. पगारपत्रक आपलं आपण मांडायची सवय असेल, तर हे कामगाराला एका कागदावर दाखवता येतं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. अनेक ठिकाणी ही समिती फळीवरच्या कागदापुरतीच असते. तुम्ही नवीन असलात तरी एवढं नक्की करू शकता: त्या कागदावरच्या बाईंना स्वतःला ठाऊक आहे का की त्या समितीत आहेत, हे जाऊन विचारा.

चाळीस माणसं, एकतीस नावं

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका कारखान्यात ठेकेदाराची माणसं रोज गेटवरून आत येत होती. गेटच्या रजिस्टरला चाळीस. महिनाअखेरीला ठेकेदाराने बिलासोबत फंडाचं चलन जोडलं, रक्कम भरल्याचा शिक्काही होता. मी सवयीने नावांची यादी मागितली. तीत एकतीस नावं. नऊ माणसांचा फंड पगारातून कापला जात होता आणि कुठंच भरला जात नव्हता. सगळी परराज्यातून आलेली, शेकआउटला (साच्यातून ओतीव भाग झाडून काढायला) काम करणारी. त्यांनी विचारलं नसतं, कारण कुणाला विचारायचं हेच त्यांना माहीत नव्हतं.

कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाला भरावं लागतं. त्या महिन्याचं बिल अडवलं, नऊ जणांची नोंद झाली, मागची रक्कम भरली गेली, मग बिल सोडलं. त्यात माझं काही शौर्य नव्हतं, फक्त दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पण तुम्ही या कामात येणार असाल तर ही सवय पहिल्या महिन्यापासून लावा: चलनाची रक्कम बघायची नाही, नावं बघायची.

यावरून तो जुना प्रश्न येतो. एचआर कुणाचा माणूस, कंपनीचा की कामगाराचा? पगार कंपनी देते, हे खरं. खिडकीपलीकडच्याला वाटतं तुम्ही मालकाचे, मालकाला वाटतं तुम्ही फार मऊ. माझं म्हणणं असं, की नोंद खरी ठेवली की दोघांचंही राखलं जातं. कामगाराचा पैसा बुडत नाही आणि मालकावर पाच वर्षांनी व्याज-दंडासह नोटीस येत नाही. 'ओटी एकपट लावा' असं कुणी सांगितलं, तर भांडू नका. नियम काय आहे ते ईमेलवर दोन ओळींत लिहून पाठवा आणि निर्णय लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मे आदेश बदलतात, हा माझा अनुभव आहे.

यात्रा, पूर आणि नोटीस फळी

आपल्या भागाचं कॅलेंडर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, गावोगावच्या जत्रा, उसाचा हंगाम, भाताची लावण. त्या दिवसांत खाडे वाढतात. नवीन एचआर अशी नोटीस लावतो: 'सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' ती कुणी वाचत नाही. आम्ही लावतो ती अशी: 'जोतिबाला जाणाऱ्यांनी येत्या शनिवारपर्यंत सुपरवायझरकडे नाव द्यावे. एका पाळीतून सहा जणांना सुट्टी मिळेल. जे थांबतील त्यांना गावच्या जत्रेला आधी सुट्टी.' यादी दोन दिवसांत भरते. सोपं मराठी लिहिता येणं हे आपल्याकडे खरं कौशल्य आहे, ते कमी लेखू नका. फौंड्रीत हिंदी लागतेच, आणि कागलच्या बाजूला निपाणीकडची माणसं असतात, तिथं थोडं कन्नड आलं तर माणूस पटकन आपला होतो.

पुराचं वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. तेव्हा कळलं की आपल्याकडे कामगारांचे पत्ते आहेत, पण गावनिहाय यादी नाही. चिखली-आंबेवाडीचे किती, शिरोळ तालुक्यातले किती, कुणाला आधी घरी पाठवायचं, कुणाला कारखान्यातच ठेवून जेवण द्यायचं, याचा पत्ताच नव्हता. आता दर मे महिन्यात आम्ही ती यादी नव्याने करतो, दोन-दोन फोन नंबरांसह. मुलाखतीला आलेल्या एका मुलीने स्वतःहून विचारलं होतं, "तुमच्याकडं पुरात हजेरी कशी धरतात?" तिला त्याच दिवशी घेतलं.

शिक्षण कोणतं घ्यावं

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कुठलीही पदवी चालते. बी.कॉम.वाल्याला पगाराच्या कामात लवकर गती येते, समाजशास्त्र-मानसशास्त्रवाल्याला माणूस लवकर कळतो. पुढे तीन वाटा आहेत. दोन वर्षांचा एमबीए, ज्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, ज्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं. आणि कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयांतल्या पदविका, ज्या नोकरी सांभाळून करता येतात. १९६२ ला स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ आहेच, आणि १९७६ पासूनची 'सायबर' (छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च) ही संस्था आहे, जिथं एमबीए आणि एमएसडब्ल्यू दोन्ही चालतात. त्यासाठी पुणं गाठायलाच हवं असं नाही.

एक गोष्ट प्रवेशाआधीच विचारून घ्या. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ते ५०० कामगारांपासून होतं, नव्या संहितेत २५० पासून आहे. या पदाची पात्रता नियमांत ठरवून दिलेली असते आणि प्रत्येक एमबीए त्यात बसत नाही. आपली पदवी त्यासाठी मान्य आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षी बढतीच्या वेळी हे कळलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांना पुन्हा पदविका करावी लागली.

घरची परिस्थिती बेताची असेल तर माझा सल्ला आधी काम, मग पदविका. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात पदवीधरही बसतात. नॅट्सच्या (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेच्या) सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा आणि कारखान्यात गेलात की 'मला एचआरमध्ये शिकायचंय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर स्टोअरला बसवतील.

दुसरी, मला जास्त आवडणारी वाट म्हणजे पीएफ-ईएसआय कन्सल्टंटचं ऑफिस. शहरात अशी बरीच ऑफिसं आहेत. एका खोलीत चार संगणक, भिंतीला फाइलींची मांडणी आणि चाळीस-पन्नास कारखान्यांचं काम. पगार फार नसतो. पण वर्षभरात एवढ्या कंपन्यांची पगारपत्रकं, चलनं, अपघाताचे अर्ज, तपासणीच्या नोटिसा तुमच्या हातून जातात की पुढे कुठंही टिकता. एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल घरी शिकून जा, कारण हजेरी आणि चलन जुळवायला रोज तेच लागतं. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाकडे मात्र एक रुपयाही देऊ नका. चांगल्या ठिकाणी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

अशा ऑफिसात किंवा कारखान्यात बायोडेटा घेऊन स्वतः जा, पण तारीख बघून. एक ते सात पगाराची घाई, सात ते पंधरा चलनाची. त्या दिवसांत तुमच्याकडे मान वर करून बघायलाही कुणाला वेळ नसतो. वीस तारखेनंतर, दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर जा. सोबत घरातल्या कुणाचं तरी जुनं पगारपत्रक न्या, आणि त्यातली न कळलेली एक ओळ विचारा.